सरांच्या सूत्रातला स्थिरांक

आमच्या विषयात आकड्यांना फारशी इज्जत नाही. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. गणित म्हणजे आकडे अशी लोकांची समजूत असते, आणि म्हणून शारजातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका भिशीचा हिशेब माझ्याकडून करून घ्यायला बघतात. मी चुकते. मग त्या एकमेकींकडे बघतात, आणि माझ्या पीएचडीबद्दल त्यांच्या मनात जे काही येतं ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं. आमच्या घराण्यात बेरीज चुकणं हे खानदानीपणाचं लक्षण मानतात, हे त्यांना कोण समजावणार.

घराणं म्हणजे अगदी गाण्यातल्यासारखं. वर सर, खाली सरांचे विद्यार्थी, त्यांच्या खाली त्यांचे. पुण्याला सरांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की सूत्र मांडणं हे गणित, आणि सूत्रात दोन येतो की चार येतो हे बघत बसणं हे इंजिनिअरांचं काम. आकडा जिथे यायचा तिथे आम्ही एक c लिहायचो आणि खाली बारीक अक्षरात लिहायचो की c हा स्थिरांक मापांच्या निवडीवर अवलंबून आहे. म्हणजे तुम्ही पट्टी इंचांची घेता की सेंटिमीटरची, त्यावर. पट्टी ज्याची त्याची, मग आकडा कशाला लिहायचा? या पद्धतीला आमच्यात नॉर्मलायझेशन म्हणतात आणि ती फार सोयीची आहे. एका मुलाने एकदा फळ्यावर खराखुरा आकडा काढून दाखवला, तेव्हा सर म्हणाले होते, "दुकान टाकायचंय का?" त्याने पुढे खरंच बँकेत नोकरी धरली.

आता विषय काय ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुन्हा त्रास नको. समजा वहीच्या चौकोनांत आकडे लिहून कुणीतरी झाकून ठेवलेत. तुम्हाला फक्त ओळींच्या बेरजा सांगितल्यात: आडव्या, उभ्या, तिरक्या, असतील नसतील तेवढ्या सगळ्या. त्यावरून झाकलेले आकडे ओळखा. बेरजा पुरेशा असतील तर ओळखता येतात, आणि कसे ओळखायचे ते सांगणारं एक उलटं सूत्र असतं. सपाट कागदावर हे काम इतरांनी कधीच उरकलं. आम्ही ते सममित अवकाशांवर करतो. सममित अवकाश म्हणजे अशी वाकलेली जागा, की कुठेही उभे राहा, भोवती सगळं सारखंच. आणि त्या जागेभोवती सगळं उलटंपालटं केलं तरी पुन्हा तेच. ज्याने दुबईच्या अल बर्शात संध्याकाळी पार्किंग शोधलं आहे त्याला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नाही.

अशा अवकाशांच्या एका कुळासाठी सरांनी उलटं सूत्र दिलं. मिती, म्हणजे कागदाला दोन आणि खोलीला तीन असते ती, विषम असेल तर ते आधीपासून माहीत होतं. मिती सम असली की मात्र भल्याभल्यांनी हात टेकले होते, आणि सरांनी नेमकं तिथेच ते दिलं. डाव्या बाजूला c गुणिले झाकलेले आकडे. उजव्या बाजूला त्या बेरजांवर करायच्या क्रियांची एक लांबलचक, देखणी साखळी. दोन्ही बाजूंना c ने भागलं की झालं, झाकण उघडलं. ते सूत्र सरांच्या नावाने ओळखलं जातं. ते ओळखणारी जगातली सगळी माणसं बर दुबईच्या खाडीतल्या एका होडीत बसतील आणि पाय पसरायला जागा उरेल, हा भाग वेगळा.

मी इकडे आले ती नवऱ्याच्या नोकरीमागून. इथल्या एका खासगी कॉलेजात मी इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलांना कॅल्क्युलस शिकवते. पालथ्या घड्यावर पाणी म्हणायला माझी हरकत नाही, पण घडेही फी भरून आलेले असतात, तेव्हा जपून बोलावं लागतं. या नोकरीसाठी माझी पीएचडी खरी आहे हे सिद्ध करावं लागलं. प्रमाणपत्र पुण्याहून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला आणि तिथून इथल्या खात्यात हिंडून आलं, प्रत्येक ठिकाणी पाठीवर एक शिक्का घेऊन. प्रबंधात काय आहे ते विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्याचं तिसरं प्रकरण 'दोन्ही बाजूंना c ने भागून' या शब्दांनी सुरू होतं.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्यानंतर मुलाने सरांना अल बर्शाला आपल्याकडे आणलं. मुलगा कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत, सून एका शिपिंगच्या ऑफिसात, नात शाळेत. सगळ्या देशात सरांचं सूत्र समजणारी मी एकटी, त्यामुळे दर शनिवारी माझी हजेरी सक्तीची झाली. माझे केस पांढरे झालेत, माझ्या हाताखाली माणसं आहेत, पण सरांच्या समोर बसलं की मला अजून खुर्चीच्या कडेवरच बसता येतं. ते मला शिकवायचे, मी मान हलवायची. मधूनच ते नातीला हाक मारून सममिती समजावू बघायचे. ती म्हणायची, "आजोबा, आय हॅव होमवर्क," आणि दार लावून घ्यायची. मला तिचा हेवा वाटायचा.

सरांचा खरा श्रोतृवर्ग मॉलमध्ये होता. इथे उन्हाळ्यात बाहेर चालायला जाणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं, म्हणून मुलांकडे राहायला आलेले आईवडील सकाळी दुकानं उघडायच्या आधी मॉलमध्ये चालतात. पांढरे बूट, हातात पाण्याची बाटली, आणि वर छप्पर असून डोक्यावर टोपी. बंद शटरांसमोरून फेऱ्या मारून झाल्या की बाकांवर बसून संध्याकाळपर्यंत पुरेल एवढं बोलून घेतात. सर त्यांत 'प्रोफेसरसाब' होते. हॉटेलातून रिटायर झालेले वसईचे एक अंकल रोज त्यांच्या शेजारी बसायचे. त्यांनी एकदा विचारलं की प्रोफेसरसाब, ये फॉर्म्युला किधर काम आता है? सर छाती पुढे काढून म्हणाले, "कहीं नहीं." अंकलना ते उत्तर फार आवडलं. त्यांनी नंतर मला सांगितलं की असा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला, बाकी सगळे आपापली पोस्ट सांगतात.

तर या सप्टेंबरात सरांना पंचाहत्तर पूर्ण झाली आणि त्यांच्या जुन्या विभागाने ऑनलाइन सत्कार ठेवला. आधी सरांचं व्याख्यान, मग भाषणं. शाल आणि श्रीफळ कुरिअरने आधीच येऊन पडलं होतं. ते योग्य क्षणी सूनबाईंनी द्यायचं असं ठरलं होतं. लॅपटॉप सांभाळायचं काम माझं. एसीचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून तो बंद केला, आणि दिवाणखान्यात आम्ही सगळे घामाने निथळत सुहास्य वदनाने बसलो.

व्याख्यान सुरेख झालं. सर बोलायला लागले की मला अजूनही वाटतं, जगात याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. शेवटी त्यांनी सूत्र पडद्यावर दाखवलं, आणि अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं की कुणाला काही प्रश्न? रीतीप्रमाणे कुणाला नसतो. पण बंगळुरातल्या एका संशोधक मुलीने हात वर केला. नाव आणि आवाज दोन्ही मराठी. तिने इतक्या अदबीने सुरुवात केली की मला वाटलं ही आता सरांच्या पाया पडतेय की काय.

ती म्हणाली, "सर, c शून्य नाही हे कुणी तपासलंय का?"

सर हसले. दहा-बारा चौकटींतले दहा-बारा चेहरे हसले. मीही हसले, उगाच खोटं कशाला बोला. सर म्हणाले की बाळ, तो नॉर्मलायझेशनवर अवलंबून आहे.

"हो सर," ती म्हणाली. "पण शून्य असेल तर ते कुठल्याच नॉर्मलायझेशनवर अवलंबून नसतं."

मला ते कळायला श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. पट्टी इंचांची घ्या, सेंटिमीटरची घ्या, हाताने वीत मोजा. शून्य लांबी सगळ्या पट्ट्यांवर शून्यच. आणि c जर शून्य असेल, तर सरांच्या सूत्राची डावी बाजू शून्य, उजवी बाजूही शून्य, आणि सूत्र एवढंच सांगतं की शून्य बरोबर शून्य. सूत्र खरं, पण झाकण लागलेलंच. मग त्या सूत्राने आजवर कुणी काहीच उलटवलेलं नाही, आणि आम्ही सगळे घराणेदार लोक इतकी वर्षं शून्याने भागत बसलोय. शून्याने भागू नये हे मी दर सत्राच्या पहिल्या तासाला त्या फी भरलेल्या घड्यांना सांगते.

अध्यक्ष अनुभवी होते. त्यांनी प्रश्न अतिशय रोचक असल्याचं सांगितलं आणि सत्काराकडे वळले. सूनबाईंनी शाल पांघरली, नारळ हातात दिला, पडद्यावर टाळ्या वाजल्या. त्या उकाड्यात लोकरीची शाल अंगावर घेऊन सर बसले होते आणि त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या एका चौकटीवर होती.

कार्यक्रम संपल्यावर ते म्हणाले की हल्लीच्या मुलांना कुठे काय बोलावं हे कळत नाही. मी हो म्हटलं. मी विचारलं की आपण c काढून बघायचा का? ते म्हणाले, "गरज नाही. असा कसा शून्य असेल?" हे 'असा कसा' आमच्या घराण्यातलं सगळ्यात बळकट प्रमाण आहे. त्यावर आमच्यात अपील नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि आम्ही तर त्या मुठीवर पदव्या दिल्या होत्या.

पुढच्या शनिवारी गेले तर सर पलंगावर भिंतीकडे तोंड करून. त्यानंतरच्या शनिवारी तेच. मॉलला जाणं बंद. मला शिकवणंही बंद, आणि ते बंद झाल्यावर मला फार चुकल्यासारखं झालं, हे मी आता कबूल करते. त्यांच्याकडे होतं काय? काकू गेल्या, पुणं सुटलं, मुलाच्या घरातली एक खोली आणि बाल्कनीतून समोरच्या तसल्याच बिल्डिंगची बाल्कनी. एक ते सूत्र तेवढं त्यांचं स्वतःचं होतं. ते खरं की पोकळ, हे ठरायचं होतं, आणि ते ठरवायची हिंमत घरात कुणाला नव्हती. निदान हे समजणाऱ्या एकुलत्या एका पाहुणीला तरी नव्हती.

मग सूनबाईंचा फोन आला. "ताई, बाबा प्रॉपरली खात नाहीयेत. वॉकलापण जात नाहीत. तो जो काय नंबर मिसिंग आहे ना, तो तुम्ही फाइंड आउट करून टाका ना प्लीज." मागून त्यांच्या नवऱ्याचा आवाज आला, किती मॅन-अवर्स लागतील विचार. मी म्हटलं सांगता येत नाही. तो म्हणाला, ठीक है, इन्शाल्ला निघेल. इथे एखादं काम होईल की नाही याची अजिबात खात्री नसली की आमच्यातली माणसंही इन्शाल्ला म्हणतात, आणि त्याने फोनवरच्या दोघांनाही बरं वाटतं.

तर मी बसले. कॉलेजातल्या माझ्या केबिनमध्ये, दोन तासांच्या मधल्या वेळात. स्थिरांक काढायची रीत मुळात सोपी आहे, आणि म्हणूनच तो कुणी काढलेला नसतो. एखादं साधं फंक्शन घ्यायचं, मध्ये उंच आणि लांब गेलं की विरत जाणारं. त्याच्यावर उजव्या बाजूची सगळी साखळी चालवायची. मधल्या बिंदूवर काय उरतं ते बघायचं. सुरुवातीला मला घाम फुटला, कारण वर्गात मी दिमाखात ज्याला 'उरलेली आकडेमोड' म्हणून पुसून टाकते ती इथे पुसता येत नव्हती. मी बोटांवर मोजलं. बाहेरून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याने ते पाहिलं आणि आदराने मान लववली.

मग हळूहळू दिसायला लागलं. प्रत्येक काप, म्हणजे जिच्यावर बेरीज घेतली ती ओळ, सूत्रात दोनदा येत होता, एकदा या बाजूने बघितलेला आणि एकदा त्या बाजूने. विषम मितीत दोन्ही वेळा अधिक चिन्ह, म्हणजे बेरीज. सम मितीत एकदा अधिक आणि एकदा उणे. सरांच्या त्या देखण्या साखळीतली शेवटची कडी या जोड्या एकत्र आणत होती, आणि एकत्र आल्या की त्या एकमेकींना खाऊन टाकत होत्या. उत्तर शून्य. मी दुसरं फंक्शन घेतलं. शून्य. जिथे बाकीच्यांनी हात टेकले होते नेमकं तिथे, सरांच्या स्वतःच्या जागेत, शून्य. जिथे आधीच सगळं माहीत होतं तिथे मात्र c ठणठणीत होता.

मला आनंद व्हायला हवा होता. घराण्यात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी मोजलं होतं. पण मी केबिनचं दार लावून घेतलं आणि रडले. मी त्या माणसाला कधी बोलून दाखवलेलं नाही, पण माझ्या वडिलांनी मला गणित घेऊ दिलं नसतं जर सर आमच्या घरी येऊन त्यांच्याशी दोन तास वाद घालून गेले नसते. भांडखोर, हेकट, स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडलेला म्हातारा. माझा फार जीव आहे त्याच्यावर.

आणि मग मी ठरवलं की खोटं सांगायचं. सांगायचं की c दोन आहे. सर तपासणार नाहीत, तपासणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. होडीतल्या बाकीच्या मंडळींना सरांकडून कळेल, तेही तपासणार नाहीत. ती बंगळुरची मुलगी तेवढी तपासेल, पण तिला एकटीला कोण विचारतंय, आणि तोपर्यंत सर जेवायला लागलेले असतील. शारजातून निघून अल बर्शाला पोहोचेपर्यंत मी गाडीत मोठ्याने म्हणून बघत होते, सर, दोन आला. चांगलं जमायला लागलं होतं.

सर तयार होऊन बसले होते. घरात नको, मॉलमध्ये जाऊ म्हणाले. इथे सूनबाई कान देऊन असते. शनिवारची सकाळ, शटरं सगळी बंद, फरशी पुसणारं यंत्र लांबवर घुमत होतं. टोपीवाली मंडळी फेऱ्या मारत होती. वसईच्या अंकलनी लांबून हात केला आणि आमचे चेहरे बघून जवळ आले नाहीत. सर बाकावर बसले, पाण्याची बाटली बाजूला ठेवली आणि समोर बघत म्हणाले, "काय आला?"

"शून्य, सर."

इतक्या तालमीनंतर माझ्या तोंडून हेच निघालं. सरांनी हात पुढे केला. मला आधी कळलंच नाही काय हवंय ते. त्यांना कागद हवे होते.

सरांना आकडेमोड करताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. चष्मा कपाळावर, कागद नाकाला टेकलेला, एक बोट ओळीखालून सरकतंय आणि ओठ हलताहेत, शाळेतल्या पाढ्यांसारखे. वाचता वाचता ते थांबले. मागे गेले, पुन्हा थांबले. "इथे," ते म्हणाले. बाजू बदलताना दिशा उलटते, तिथे एक उणे चिन्ह यायला हवं होतं आणि मी ते लिहिलं नव्हतं. मी बघितलं. खरंच नव्हतं लिहिलेलं. दुसऱ्या फंक्शनच्या वेळी मी तीच ओळ जशीच्या तशी उतरवली होती, म्हणजे दोन्हीकडे तीच चूक.

एक उणे बदललं की जोड्या एकमेकींना खात नाहीत. बेरीज होते. c शून्य नाही.

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या महिन्याभरात पहिल्यांदा ते मला माझ्या ओळखीचे वाटले. म्हणाले, "तुला मी कायम सांगत आलो, चिन्हाकडे लक्ष दे म्हणून." त्यांनी असं कधीही सांगितलेलं नाही, उलट चिन्हं शेवटी आपोआप जुळतात हे त्यांचं आवडतं वाक्य. पण मला काय त्याचं? माझी चूक निघाल्याचा मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. मी अंकलना हात केला. ते लगबगीने आले, सब ठीक? विचारलं, मी म्हटलं सब ठीक अंकल, आणि ते कॉफी आणायला गेले. मी मनात त्या मुलीला लिहायच्या मेलचा मसुदासुद्धा सुरू केला होता, थोडा जास्तच सौजन्यपूर्ण.

सर पुढे वाचत होते. मला वाटलं ते आता नुसतेच चवीने वाचताहेत. पुढच्या पानावर त्यांचं बोट एका ओळीपाशी आलं आणि तिथेच राहिलं. मी ती ओळ बघितली. मला तिच्यात काही दिसलं नाही. आज सांगते, मी ते कागद आणखी शंभर वेळा वाचले असते तरी मला दिसलं नसतं. बोट बराच वेळ तिथे होतं. अंकल कॉफीचे कप घेऊन येताना लांबून दिसत होते. सरांनी बोट उचलून पान उलटलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं.

"इथेही उणे हवं," सर म्हणाले.

क्रिया दोनदा उलटते, एकदा दिशेसाठी आणि एकदा खुद्द कापासाठी. मी दोन्ही उणे गाळली होती आणि म्हणून माझं उत्तर बरोबर आलं होतं. दोन उणे मिळून अधिक. जोड्या पुन्हा एकमेकींना खायला लागल्या. त्यांनी माझ्या पेनने दोन्ही चिन्हं नीट, ठळक काढली आणि शेवटच्या ओळीतल्या शून्याभोवती एक वर्तुळ काढलं, परीक्षेच्या पेपरात बरोबर उत्तराभोवती काढायचे तसं.

मी म्हणाले, "सर, सूत्र खोटं नाहीये."

"नाही," ते म्हणाले. "पोकळ आहे."

अंकलनी कप ठेवले आणि काही न विचारता शेजारच्या बाकावर जाऊन बसले. सरांनी माझ्या प्रबंधाची चौकशी केली. म्हणाले, तिसऱ्या प्रकरणाचं काय करणार? मी म्हटलं, सर, ते कुणी वाचलेलं नाही. ते म्हणाले की त्यांनी वाचलं होतं. मग थोड्या वेळाने म्हणाले, त्या मुलीला फोन लाव.

नंबर विभागाने सत्कारासाठी केलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. मी लावून फोन स्पीकरवर टाकला आणि बाकावर आमच्या मध्ये ठेवला. समोरच्या दुकानाचं शटर वर जात होतं, त्यामुळे सरांना पहिलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं. ते म्हणाले की बाळ, तू सत्काराच्या दिवशी प्रश्न विचारला होतास. काढून बघितला. शून्यच आहे. विषम मितीत जुनं सूत्र राहतं, सम मितीत माझं काही राहत नाही. का ते मी लिहून पाठवतो, उणे चिन्हांसकट, आणि तुला पुढे काही करायचं असेल तर तू कर.

पलीकडून ती घाईघाईने माफी मागायला लागली. सर, माझा तसा हेतू नव्हता, सर, त्या दिवशी मी असं सगळ्यांसमोर विचारायला नको होतं, मला नंतर फार वाईट वाटलं. ती थांबेचना. सरांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला, स्पीकर सुरू आहे हे विसरून.

"माफी कसली मागतेस? इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नाही गं," ते म्हणाले. "सगळे नुसती मान हलवायचे."

मी शेजारीच बसले होते.